जुन्या गिटारचं पोट उघडताना

भोपाळच्या पिपलानीत राहणाऱ्या माणसाला 'वाइंडिंग' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. ही वसाहतच मुळी वाइंडिंगवर उभी आहे. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजनं तंत्रज्ञान दिलं, आणि कारखान्यातल्या माणसांसाठी बरखेडा, गोविंदपुरा, पिपलानी अशा क्वार्टरांच्या वसाहती वसल्या. पुढे १९७४ मध्ये ही कंपनी भेलमध्ये विलीन झाली. ट्रान्सफॉर्मर, जलविद्युत जनित्रं, रेल्वे इंजिनांच्या ट्रॅक्शन मोटरी हा इथल्या घराघरांतल्या गप्पांचा विषय. तांब्याच्या वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की वेटोळ्यात वीज उपजते, हे मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं आणि त्याच एका नियमावर हा सगळा डोलारा चालतो.

इलेक्ट्रिक गिटार हे त्याच घराण्यातलं शेंडेफळ. तिच्या तारांखाली पिकअप नावाची एक पट्टी असते. आत सहा बारीक लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो फेरे. वरची तार पोलादी असते, त्यामुळे चुंबकाच्या सहवासात तीही थोडी चुंबकीय होते. बोटानं छेडली की ती थरथरते, तिच्याबरोबर चुंबकीय क्षेत्र थरथरतं आणि वेटोळ्यात व्होल्टच्या एखाद्या अंशाइतकी वीज मागेपुढे होऊ लागते. ही वीज अँप्लिफायरनं वाढवली की सूर ऐकू येतो. भेलच्या जनित्राचं वजन टनांत मोजावं लागतं, पिकअप मात्र तळहातावर मावतो. काम दोघांचं एकच.

फेंडर कंपनीच्या पन्नाशीच्या दशकातल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या पिकअपमध्ये अमेरिकन मापाची ४२ नंबरची तार असे. जाडी ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे केसासारखीच. तिचे साधारण ८,००० फेरे. फिरणाऱ्या यंत्रावर ही तार बोटांच्या चिमटीतून सोडायची. ताण जरा वाढला तर तुटते, कमी झाला तर फेरे सैल बसतात. फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात १९५६ पासून ॲबिगेल इबारा या बाई हे काम करत. त्यांच्या हातचे पिकअप आज जगभरचे वादक नावानिशी शोधतात. फेरे हातानं सोडलेले असल्यामुळे प्रत्येक पिकअपमध्ये तार जराशी वेगळी पडते, फेऱ्यांची संख्या शे-दोनशेनं कमीजास्त होते आणि आवाजात तेवढा फरक उतरतो. जुन्या गिटारच्या आवाजाभोवती जे गूढ विणलं गेलं आहे, त्यातला बराच भाग या चिमटीतल्या ताणाचा आहे.

या वाद्याच्या जन्मातच घरगुती जुगाड आहे. १९३१ च्या सुमारास जॉर्ज बोशॉम्प यानं पहिला यशस्वी पिकअप तयार केला तेव्हा कॉइल गुंडाळायला कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर वापरल्याचं सांगतात. त्यातून रिकनबॅकर कंपनीची 'फ्राइंग पॅन' ही गिटार बाजारात आली. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूची कांडी फिरवून वाजवायची हवाइयन गिटार होती. भारतीय कानाला ही चाल लगेच ओळखीची वाटते, कारण कांडीनं मींड निघते. हा धागा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आधी बाजाराचं पाहू. १९५० मध्ये लिओ फेंडरनं भरीव लाकडाची गिटार विकायला काढली. तिचंच नाव पुढे टेलिकास्टर झालं. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. गिब्सन कंपनीनं १९५२ मध्ये लेस पॉल आणली आणि १९५७ पासून तिच्यात सेथ लव्हर या इंजिनिअरचा हमबकर पिकअप बसवला. एकेरी कॉइल आसपासच्या वायरिंगमधली, ट्यूबलाइटच्या चोकमधली गुणगुणही पकडते, आपल्याकडे ५० हर्ट्झची. लव्हरनं दोन कॉइल उलटसुलट दिशेनं जोडल्या, चुंबकांची टोकंही उलटी केली. त्यामुळे बाहेरची गुणगुण एकमेकींत वजा होते आणि तारेचा आवाज बेरजेत येतो. पेटंट मिळेपर्यंत या पिकअपच्या पाठीवर 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी चिठ्ठी चिकटवली जाई. आज त्या चिठ्ठीसकट एक पिकअप सापडला तरी संग्राहक धाव घेतात. १९५८ ते १९६० या तीन वर्षांत तांबूस-पिवळ्या छटेतल्या लेस पॉल जेमतेम दीड हजार निघाल्या. खप नव्हता म्हणून गिब्सननं तो आकारच बंद केला. त्याच गिटारी आता लाखो डॉलरला जातात.

फेंडरच्या बाबतीत रेघ १९६५ ची. त्या वर्षाच्या जानेवारीत सीबीएस या प्रसारण कंपनीनं फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. त्याच्या अलीकडची गिटार असेल तर भाव वेगळा, पलीकडची असेल तर वेगळा. काही महिन्यांच्या अंतरानं, त्याच कामगारांच्या हातून, त्याच बाकावर तयार झालेल्या दोन वाद्यांत एवढी तफावत लाकडापेक्षा बाजारानं जास्त पाडली आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

म्हणूनच विकत घेणारा आधी वाजवत नाही, आधी पोट उघडतो. तारा सैल करतो, चार स्क्रू काढून मान धडापासून वेगळी करतो. फेंडरच्या जुन्या मानेच्या बुडाशी पेन्सिलीनं लिहिलेला महिना आणि वर्ष असतं, १९६२ पासून तिथे शिक्का येतो. मग वरची प्लास्टिकची पट्टी उचलायची. व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या डबीवर, आकडे कोरलेले असतात. समजा ३०४६३२० असं दिसलं. पहिले तीन आकडे बनवणाऱ्या कंपनीचे, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे ६३ म्हणजे १९६३ साल आणि २० म्हणजे त्या वर्षाचा विसावा आठवडा. गिटार याच्या आधीची नाही, एवढंच हा आकडा सांगतो, कारण कारखान्यात सुटे भाग कधी कधी वर्षानुवर्षं पडून राहत. सोल्डरचे डागही पाहायचे. साठ वर्षं कुणी हात न लावलेला डाग मळकट आणि निस्तेज असतो, काल दिलेला चांदीसारखा चकाकतो.

शेवटचं हत्यार आपल्या दुकानदारांच्या गल्ल्याजवळ असतं तेच: नोटा तपासायचा जांभळा दिवा. त्या काळचं रोगण नायट्रोसेल्युलोजचं. अंधारात त्याच्यावर हा दिवा धरला की जुना थर हिरवट उजळतो आणि मागाहून रंगवलेला तुकडा काळा पडतो. नुसता रंग पुन्हा मारला असेल तर किंमत साधारण निम्म्यावर येते, हा या धंद्यातला जुना ठोकताळा.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाढलेल्या माणसाला हा हिशेब विचित्र वाटेल. तानपुऱ्याची घोडी वापरून झिजते, जवारी बिघडते, मग कारागीर ती पुन्हा घासून जवारी काढून देतो. खुंट्या बदलतात, भोपळ्याला चीर गेली तर सांधतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या हातांच्या परंपरेला. तिथे दुरुस्ती म्हणजे वाद्याची सेवा. गिटारच्या बाजारात तोच हात लागला की वाद्य बाटलं.

पण ज्यांच्यामुळे या गिटारींना किंमत आली, ते वादक स्वतः कुणीच सोवळं पाळत नव्हते. एरिक क्लॅप्टननं १९७० मध्ये अमेरिकेतल्या नॅशविलच्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. तेव्हा त्यांना मागणी नव्हती, एकेक शंभर डॉलरला मिळाली. काही मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग एकत्र करून एक काळी गिटार जुळवली, 'ब्लॅकी'. कोणत्याही व्याख्येनं ती अस्सल नाही. २००४ च्या लिलावात ती ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅट तर याहून पुढची. १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये घेतलेल्या त्या गिटारच्या माना अनेकदा बदलल्या, पिकअप बदलले, वेगळा ट्रेमोलो, म्हणजे सूर हलवायचा दांडा, बसवण्यासाठी लाकूड कोरलं, नंतर तो खड्डा बुजवलाही. मधली काही वर्षं ती अमेरिकेतल्या एका रेस्टॉरंटच्या भिंतीवर टांगलेली होती. जून २०१९ मध्ये ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला विकली गेली आणि लिलावाचे पैसे गिल्मोरनं पर्यावरणाच्या कामाला दिले. मुंबईच्या वॉरन मेंडोन्सा या गिटारवादकाच्या 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावातही काळी स्ट्रॅटच आहे.

गिटारवादक पीटर ग्रीनची कथा सगळ्यांत बोलकी. त्याच्या १९५९ च्या लेस पॉलमधल्या एका पिकअपचा चुंबक उलटा बसलेला होता. दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा निघे. मेकॅनिकच्या भाषेत हा दोष. त्याच्या फ्लीटवूड मॅक या बँडच्या श्रोत्यांना तोच ग्रीनचा गळा वाटला. पुढे ती गिटार गॅरी मूरकडे आणि २०१४ मध्ये मेटालिकाच्या कर्क हॅमेटकडे गेली. मधल्या कुणीही तो चुंबक सरळ केला नाही.

आणि आता आपल्याकडची गोष्ट. भारतात ही वाद्यं फार थोडी आली. आयातीचे परवाने, जकात, परकीय चलनाची चणचण. त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला कलकत्त्यात बनलेली गिटारच आली. मुंबईत धोबीतलावच्या फुर्टाडोजची काच होती, ती बाहेरून पाहायची. तरीही हे वाद्य कानावर सतत पडत होतं. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधली जागा भरायला लागत. शिप्ले यांची गिटार आठ तारांची, स्वतःच्या कल्पनेनं घडवलेली. १९७१ मध्ये 'हरे रामा हरे कृष्णा' आला आणि 'दम मारो दम'च्या सुरुवातीची भूपिंदर सिंग यांची गिटार पिढ्यांच्या डोक्यात बसली. १९८० च्या 'कर्ज'मध्ये पडद्यावर ऋषी कपूरच्या हातात गिटार दिसते. 'एक हसीना थी'तले ते तुकडे गोरख शर्मांच्या बोटांतले.

या सगळ्यांत ब्रिजभूषण काबरा यांनी केलेला बदल खोलवरचा. जोधपूरचे काबरा अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. त्यांच्या हातात गिब्सनची सुपर ४०० होती. ही गिटार १९३४ च्या सुमारास निघाली तेव्हा तिची किंमत ४०० डॉलर होती, त्यावरूनच हे नाव. मंदीच्या त्या दिवसांत एवढे पैसे फार थोडे वादक मोजू शकत. १८ इंच रुंदीचं पोट, व्हायोलिनसारखं कमानदार कोरलेलं, दोन्ही अंगांना लांबट भोकं. संग्राहक आज ती काचेत ठेवतात. काबरांनी ती मांडीवर आडवी घेतली. तारा पडद्यांपासून उचलल्या जाव्यात म्हणून मानेच्या टोकाची पट्टी उंच केली, सुरासाठी जादा तार चढवली आणि कांडीनं आलाप सुरू केला. १९६७ मध्ये 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी आली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काबरांची गिटार. शास्त्रीय संगीताच्या सर्वांत लोकप्रिय तबकड्यांत तिची गणना होते. परदेशी मूल्यमापकाच्या वहीत ही गिटार 'बदल केलेली' या रकान्यात पडली असती. इथल्या कानांना मात्र तिच्यामुळे एक नवं गायकी अंगाचं वाद्य मिळालं.

काबरांना हे धाडस कुठून सुचलं, याचा माग मध्य प्रदेशातच लागतो. अली अकबर खाँचे वडील बाबा अल्लाउद्दीन खाँ मैहरला राहत. बाबांनी आणि त्यांचे धाकटे बंधू आयेत अली खाँ यांनी सरोदची ठेवणच बदलली. मैहर बँडसाठी बाबांनी बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग केलं. ज्या घराण्यात बंदुकीची नळी सुरात लागते, तिथल्या शिष्यानं गिब्सनची पट्टी उंच केली तर आश्चर्य वाटू नये. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी हीच वाट पुढे नेली. गिटारमधूनच घडवलेल्या त्यांच्या मोहनवीणेला २० तारा, त्यांतल्या १२ तरफेच्या. राय कूडरबरोबर वाजवलेल्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'ला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. कोलकात्याच्या देबाशिष भट्टाचार्यांनी 'चतुरंगी' ही गिटार घडवली.

एकदा हातातून गेलेली गिटार परत मिळणं दुर्मीळ. ज्या लेस पॉलवर क्लॅप्टननं 'ब्लूज ब्रेकर्स' ही तबकडी वाजवली, ती १९६६ मध्ये चोरीला गेली आणि आजवर बाहेर आलेली नाही. गिटारवादक पीटर फ्रॅम्प्टनचं नशीब बलवत्तर. त्याची १९५४ ची काळी लेस पॉल एका चाहत्यानं १९७० मध्ये भेट दिलेली. मूळ दोन पिकअपच्या जागी तीन हमबकर बसवलेली, म्हणजे आधीच बदललेली. १९८० मध्ये व्हेनेझुएलात सामानाचं विमान कोसळलं, त्यात ती जळाली असं सगळ्यांनी धरलं. ती वाचली होती. कुरासाओ बेटावर एका वादकाकडे ती बरीच वर्षं होती. दुरुस्तीच्या निमित्तानं एका जाणकाराच्या हाती आली तेव्हा भाजल्याच्या खुणा आणि ते तीन पिकअप पाहून त्यानं ओळखली. डिसेंबर २०११ मध्ये फ्रॅम्प्टनला ती परत मिळाली. ज्या बदलामुळे बाजारात तिची किंमत घटली असती, त्याच बदलानं तिची ओळख पटवली.

कॅनडाचा वादक रँडी बाकमन याची केशरी ग्रेच गिटार १९७६ मध्ये टोरांटोच्या हॉटेलातून चोरीला गेली. १९५७ सालची ती गिटार त्यानं पोरवयात गवत कापून, गाड्या धुऊन ४०० डॉलर जमवून घेतली होती. ४४ वर्षांनी एका चाहत्यानं घरबसल्या संगणकावर जगभरातल्या विक्रेत्यांचे फोटो चाळले. लाकडातल्या गाठीची एक छोटी काळसर खूण जुन्या चित्रफितीतल्या खुणेशी जुळली. गिटार टोकियोत निघाली. तिथल्या वादकानं ती रीतसर विकत घेतलेली. १ जुलै २०२२ रोजी बाकमननं त्याला त्याच वर्षीची, तशीच दुसरी ग्रेच दिली आणि आपली परत घेतली. लाकडाच्या रेषा माणसाच्या ठशांसारख्या असतात. ज्याच्या घरी जुनं वाद्य आहे त्यानं आजच, उन्हाच्या उजेडात, पुढूनमागून आणि मानेच्या बुडाचेही फोटो काढून ठेवावेत, क्रमांक वहीत लिहावा, आणि बदललेला प्रत्येक मूळ भाग, अगदी गंजका स्क्रूसुद्धा, डबीत घालून पेटीत ठेवावा.

लाकडाचा आणखी एक कायदेशीर पदर आहे. साठच्या दशकापर्यंत बोटं फिरतात ती पट्टी बहुधा ब्राझिलच्या शिसवाची असे. १९९२ पासून या झाडाला आंतरराष्ट्रीय करारानं सर्वांत कडक संरक्षण आहे. त्यामुळे अशी गिटार विकत घेऊन सरळ सरहद्दीपलीकडे नेता येत नाही, परवाना लागतो. ब्राझिलचं लाकूड आटलं तेव्हा मार्टिनसारख्या कंपन्या १९६९ च्या सुमारास भारतीय शिसवाकडे वळल्या. म्हणजे आपल्याच जंगलात वाढणारं, ज्याचे जुने पलंग आणि कपाटं भोपाळच्या घरांत आहेत तेच शिसव. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्याच जातींच्या व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळायला २०१९ साल उजाडलं.

भोपाळची हवाही या वाद्यांची परीक्षा पाहते. मे महिन्यात पारा चव्वेचाळिशीला टेकतो, लाकूड आक्रसतं आणि पडद्यांची टोकं मानेच्या कडेला बोचू लागतात. जुलैत तीच मान फुगून वाकते. नायट्रोसेल्युलोजच्या रोगणाला बारीक भेगा जातात. जुन्या सेल्युलॉइडच्या पट्ट्या स्वतःच आक्रसून स्क्रूपाशी तडकतात. आणि दमटपणा एखाद्या चिरेतून कॉइलपर्यंत पोचला की तांब्याला हिरवा गंज चढतो, एक दिवस पिकअप मुका होतो.

इथे बहुतेकांची चूक होते. मुका पिकअप घेऊन मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात गेलं की कारागीर विचारतो, कितीची तार? ४२ नंबर, असं सांगितलं जातं. आपल्या दुकानांत नंबर ब्रिटिश मापाचा चालतो. त्या मापाची ४२ नंबरची तार ०.१ मिलिमीटर जाड. बॉबिनवर तिचे ८,००० फेरे मावतच नाहीत, तीन हजारांच्या आसपास जागा संपते आणि आवाज निम्म्याहून खाली येतो. हवी असते ती ब्रिटिश मापाच्या ४६ नंबरच्या जवळची. शिवाय जुनी तार एकदा कापली की ती गेली.

त्याआधी एक गोष्ट करून पाहायची. बहुतेक वेळा तार आत खोल तुटलेली नसते, ती बाहेरच्या टोकाशी, जोडाजवळ तुटते. पिकअप दिव्याखाली धरायचा, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावायचं आणि टाचणीच्या टोकानं सगळ्यांत वरचा फेरा हळूच उचलायचा. केसासारखं टोक मोकळं होतं. त्याच्यावरचं एनॅमल ब्लेडनं अलगद खरवडायचं, कथिलाचा एक थेंब देऊन ते जोडावर टेकवायचं आणि मल्टीमीटरच्या दोन्ही काड्या लावायच्या. एक फेरा कमी झालेला असतो, आठ हजारांतला. काट्यावर सहा किलोओमच्या आसपासचा आकडा परत येतो.